चावतो तो ढेकूण, शिंका आणतो तो दुसराच

मंडळी, "डॉक्टर, गादीत डस्ट माइट झालेत, रात्रभर चावतात" असं सांगणारे हल्ली बरेच भेटतात. दंडावर ओळीने तीन-चार गांधी उठलेल्या असतात. मी म्हणतो, चावतात ना? मग ते माइट नव्हेत. डस्ट माइट माणसाला चावत नाही. आपल्या अंगावरून झडणारे कातडीचे बारीक पापुद्रे खाऊन तो जगतो. "मी काल बघितला की त्याला" असं कुणी म्हणालं, तरी तो माइट नसतो. मिलिमीटरच्या पाव हिश्शाएवढा जीव तुमच्या-माझ्या डोळ्यांना दिसायचा कुठून? तो आठ पायांचा, कोळी-गोचिडांच्या गोतातला. ढेकूण सहा पायांचा कीटक, अख्ख्या मसुराएवढा, चपटा, तांबूस. रक्त पिऊन फुगला की लांबट आणि गडद दिसतो. आपल्याकडच्या उष्ण हवेत सायमेक्स हेमिप्टेरस ही जात जास्त आढळते.

पण नुसत्या गांधी बघून ढेकणावर शिक्का मारू नका. डासही चावतात. शिवाय एकाच पलंगावर नवऱ्याच्या अंगावर गांधी आणि बायकोला काहीच नाही, असंही होतं. तिचं रक्त कडू असतं असं नाही, काहींच्या त्वचेवर चाव्याची खूणच उमटत नाही. काहींना ती दोन-चार दिवसांनी उमटते. म्हणून अंगापेक्षा अंथरुणाची तपासणी करा.

टॉर्च घ्या, गादी उभी करा आणि कडेच्या शिवणीची दुमड बोटांनी उलगडा. मग पलंगाच्या फळ्यांचे सांधे, स्क्रूची भोकं, डोक्याकडच्या फळीची मागची बाजू बघा. जुनं एटीएम कार्ड फटीतून फिरवलं की आतलं बाहेर येतं. शाईच्या पेनाने टिंबं काढल्यासारखे काळे ठिपके दिसले, तर त्यावर ओलं पांढरं फडकं घासा. तांबूस तपकिरी डाग ओघळला तर ती पचलेल्या रक्ताची विष्ठा. जवळच पिवळट, पारदर्शक काती सापडतील. पिल्लू मोठं होईपर्यंत 5 वेळा कात टाकतं आणि दर वेळी त्याला रक्त लागतं. ढेकणामुळे माणसांत रोग पसरल्याचं सिद्ध झालेलं नाही. झोप मात्र तो पुरती उडवतो.

माइटची तक्रार नाकाची. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, डोळ्यांना खाज, चादर झटकली की खोकला, काहींना दमा. त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांची ॲलर्जी येते. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीचं मूळ या माइटमध्ये आहे, हे नेदरलँड्समधल्या लायडेनच्या संशोधकांनी 1964 मध्ये दाखवलं. हा प्राणी पाणी पीत नाही, हवेतला दमटपणा शोषून घेतो. त्यामुळे मुंबई-कोकणातला पावसाळा त्याला मानवतो. खात्री करायची तर ॲलर्जीची त्वचाचाचणी करून घ्या.

आता गंमत बघा. घरात शिंका येतात म्हणून ढेकणाचं औषध फवारतात. माइट गादीच्या पोटात सुखरूप राहतो आणि दम्याच्या मुलाला त्या वासाने धाप लागते. चोर सोडून संन्याशाला फाशी! माइटसाठी उश्या-गाद्यांना घट्ट विणीची, चेनची खोळ घाला, अभ्रे-चादरी आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवा, खोली कोरडी ठेवा. गाद्यांना कडक ऊन द्यायची आपली जुनी पद्धतही चांगलीच. ढेकणाला मात्र ती पुरत नाही, कारण गादी गच्चीवर आणि तो पलंगाच्या सांध्यात.

आणि एक हात जोडून सांगतो. ढेकणासाठी धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात ठेवू नका. हवेतल्या दमटपणाने त्यातून फॉस्फीन वायू निघतो. बंद खोलीत त्याने माणसं दगावली आहेत, शेजारच्या खोलीतलीसुद्धा.

मागून प्रश्न आलाय, शेजाऱ्यांकडून येतात का? माइटचा शेजाऱ्यांशी संबंध नाही, तो प्रत्येकाचा घरचाच. ढेकूण भिंतीतल्या फटीतून, वायरच्या नळीतून येऊ शकतो. म्हणून पेस्ट कंट्रोल करताना बाजूच्या बिऱ्हाडाचीही तपासणी करून घ्या. अंडी पहिल्या फवारणीतून वाचतात, तेव्हा दोनेक आठवड्यांनी दुसरी फवारणी ठरवूनच पैसे द्या.