कोकेन थांबलं, पण ब्रेक सुटला नाही

(दृश्य : जोतिबाचा घाट. वाडी रत्नागिरीहून उतरणाऱ्या दुचाकी.)

घाट उतरताना मागचा ब्रेक दाबून धरावा लागतो. पण खाली केर्लीच्या सपाट रस्त्याला लागल्यावरही तो सुटलाच नाही, तर ॲक्सिलरेटर कितीही पिळा, गाडी जोर धरत नाही. वारंवार कोकेन घेणाऱ्याच्या मेंदूत असाच एक ब्रेक अडकून बसतो. त्याचं नाव कॅप्पा ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे अफूसारखी रसायनं जिथं चिकटतात अशा चेतापेशीवरच्या ग्राहकांपैकी एक.

(दृश्य : ॲनिमेशन. चेतापेशीचं टोक.)

कोकेन हे ओपिऑइड नाही. मॉर्फिन, हेरॉईन ही ओपिऑइड रिसेप्टरना चिकटतात, कोकेन चिकटत नाही. ते डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन परत पेशीत ओढणारा वाहक अडवतं. न्यूक्लियस अकम्बन्स या मेंदूच्या भागात डोपामिन साचतं, डोपामिनचा डी-वन रिसेप्टर पुन्हा पुन्हा चेतवला जातो, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, जनुकं चालू करणारं क्रेब हे प्रथिन सक्रिय होतं आणि डायनॉर्फिन या मेंदूच्या स्वतःच्या ओपिऑइडचं जनुक जोरात चालू लागतं. हे डायनॉर्फिन डोपामिन सोडणाऱ्या टोकांवरच्या कॅप्पा रिसेप्टरवर बसतं आणि डोपामिन कमी करतं. कोकेन अंगात असेतो ही मेंदूची सावरण्याची धडपड असते. कोकेन बंद झालं की डोपामिनचा पूर ओसरतो, कॅप्पाचा दाब मात्र उरतो. माणूस उदास, चिडचिडा होतो, कशातच त्याचं मन लागत नाही. घरच्यांना तो हट्ट वाटतो. तो हट्ट नाही.

1993 साली मृत कोकेनसेवींच्या मेंदूची तपासणी प्रसिद्ध झाली. न्यूक्लियस अकम्बन्स ज्याचा भाग आहे त्या स्ट्रायेटममध्ये डायनॉर्फिनचा आरएनए (जनुकाची चालू प्रत) आणि कॅप्पा रिसेप्टर, दोन्ही वाढलेले होते. 1996 मध्ये पेट स्कॅनने जिवंत माणसांत म्यू या दुसऱ्या ओपिऑइड रिसेप्टरशी (मॉर्फिन मुख्यतः इथं चिकटतं) खुणेच्या रेणूची जोडणी वाढलेली दिसली, आणि ती जितकी जास्त, तितकी कोकेनची तलफ तीव्र.

(दृश्य : प्रयोगशाळेतलं टेबल. बर्फात ठेवलेल्या नळ्या.)

इथं एक घोटाळा नेहमी होतो. रिसेप्टर किती आहेत हे मोजलं म्हणजे त्यांचा संदेश मोजला, असं होत नाही. उंदरांमध्ये वारंवार कोकेन दिल्यावर डेल्टा या तिसऱ्या ओपिऑइड रिसेप्टरची सायक्लिक एएमपी रोखण्याची ताकद घटलेली आढळली, संख्या मात्र तशी बदललेली नव्हती. म्हणून रिसेप्टरचा संदेश पेशीत पुढे नेणाऱ्या जी-प्रथिनाची चाचणी लागते. मेंदूच्या त्या भागातून पेशीपटलं वेगळी करायची, पीएच 7.4 च्या द्रावणात मॅग्नेशियम, सोडियम आणि भरपूर जीडीपी (शांत जी-प्रथिनाला चिकटून असणारा रेणू) घालायचा, मग किरणोत्सर्गी सल्फर-35 जोडलेला जीटीपी-गॅमा-एस (चेतलेलं जी-प्रथिन पकडतं त्या जीटीपीची नक्कल) अगदी थोडा, आणि सोबत म्यूला चेतवणारं डॅम्गो. 30 अंश सेल्सिअसला साधारण तासभर ठेवून काचतंतूच्या फिल्टरवर बर्फगार द्रावणाने झटपट धुवायचं आणि फिल्टरवरचं किरणोत्सर्जन मोजायचं. रिसेप्टर चेतला की जी-प्रथिन जीडीपी सोडून हा चिन्हांकित रेणू पकडतं, आणि त्याला तो फोडता येत नाही, म्हणून तो मोजता येतो.

चुकतं कुठं? जीडीपी कमी पडला, तर डॅम्गो न घालताही आकडा फुगतो आणि खरा फरक त्यात बुडतो. मॅग्नेशियम विसरलं, तर संदेश जवळपास दिसतच नाही. मेंदूच्या तुकड्यातलं मूळचं ॲडेनोसिन आपल्याच रिसेप्टरमधून जी-प्रथिन चेतवतं, म्हणून ते नष्ट करणारं ॲडेनोसिन डीअमिनेज हे विकर घालतात. सल्फर-35 चं अर्धायुष्य सुमारे 87 दिवसांचं, तेव्हा जुन्या बाटलीचा हिशेब तारखेप्रमाणे करावाच लागतो. या चाचणीत वारंवार कोकेन दिलेल्या उंदरांच्या न्यूक्लियस अकम्बन्समध्ये म्यूचा संदेश वाढलेला दिसला आहे. म्हणजे एकाच मेंदूत म्यू चढलेला, डेल्टा ढिला आणि कॅप्पा दाबून बसलेला.

(दृश्य : कोल्हापूरचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. फाटक, दुपार.)

औषधाची अडचण यातच आहे. ब्युप्रेनॉर्फिन हे औषध म्यूला अर्धवट चेतवतं आणि कॅप्पाला रोखतं, म्हणून त्याच्याकडून मोठी आशा होती. ओपिऑइड रिसेप्टर अडवणाऱ्या नालट्रेक्सोनसोबत देऊन केलेल्या चाचणीत ठाम यश मिळालं नाही. कोकेनच्या व्यसनासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आजवर एकही औषध मंजूर केलेलं नाही. सर्वाधिक पुरावा आहे तो नियमित लघवी तपासणी आणि व्यसनमुक्त राहिल्याबद्दल लगेच मिळणाऱ्या बक्षिसाच्या पद्धतीचा.

कोल्हापुरात सीपीआरच्या मानसोपचार विभागात जाताना घरच्यांनी चार गोष्टी लिहून न्याव्यात : शेवटचं कोकेन कधी घेतलं, झोप कशी आहे, आत्महत्येचे विचार बोलून दाखवले का, आणि सोबत दारू किंवा वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का. शेवटचा प्रश्न लाजेपोटी बऱ्याचदा गाळला जातो, आणि उपचार ठरवताना डॉक्टरांना तोच आधी हवा असतो. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446, फोन मोफत लागतो.