मागच्या आठवड्याचं काय झालं?

(दृश्य: आयर्विन पूल, पावसाळी सकाळ. गढूळ कृष्णा, काठावर छत्र्या घेऊन उभी माणसं.)

पावसाळा भरात आला की सांगलीत सगळ्यात जास्त वाचला जाणारा मजकूर एका ओळीचा असतो: आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्यानंतर तर नदीकाठच्या गल्ल्यांमध्ये पावसाळ्यातला दिवस हा आकडा बघूनच सुरू होतो.

ही ओळ लोक पुन्हा पुन्हा का वाचतात? भीती आहेच, पण तेवढ्यानं भागत नाही. समजा ओळ अशी आहे: 'सकाळी ८ वाजता ३८ फूट.' हे अर्धवट झालं. आता ही बघा: 'सकाळी ८ वाजता ३८ फूट. पहाटे ५ वाजता ३७ फूट ४ इंच होती.' तीन तासांत आठ इंच वाढ. इशारा पातळीला दोन फूट बाकी, म्हणजे हाच वेग राहिला तर नऊ तास. धान्याची पोती माळ्यावर आत्ता चढवायची की दुपारी, जनावरं कधी हलवायची, हा हिशेब वाचणारा स्वतःच करतो. आधीची नोंद शेजारी आहे म्हणून त्याला तो करता येतो.

ठरलेल्या दिवशी निघणारं कुठलंही लेखन घ्या. सोसायटीबाहेरचा फळा, पिकाचं साप्ताहिक पत्रक, वाचनालयाचं मासिक. लोक त्याच्याकडे परत येतात ते याच कारणानं. मागच्या वेळी जे सांगितलं त्याचं पुढं काय झालं, हे त्यात सापडतं.

(दृश्य: तासगाव तालुका, मांडवावरच्या द्राक्षबागा. पानावरून थेंब ओघळतोय.)

द्राक्षपट्ट्यात साप्ताहिक पत्रक काढायचं तर कॅलेंडरची तारीख पुरत नाही. एकाच शिवारात एकाची फळछाटणी, म्हणजे घडांसाठीची छाटणी, सप्टेंबरच्या मध्यावर होते, बांधाला बांध लागलेल्या शेजाऱ्याची ऑक्टोबरच्या मध्यावर. त्यामुळं एकाच दिवशी एक बाग पोंग्यात असते, म्हणजे तिचे डोळे नुकते फुटत असतात, आणि दुसरी फुलोऱ्यात. 'द्राक्ष बागायतदारांनी रोगनियंत्रणासाठी योग्य ती उपाययोजना करावी' हे वाक्य दोघांच्याही कामाचं नाही. इथं सगळी मोजणी छाटणीपासून चालते. दोन बागायतदार भेटले की पहिला प्रश्न असतो, 'किती दिवसांची झाली बाग?' पत्रकाचे मथळेही तसेच हवेत: '१० ते १५ दिवसांच्या बागा', '३५ ते ४५ दिवसांच्या बागा'. वाचणारा थेट आपल्या दिवसांवर बोट ठेवतो आणि बाकीचं सोडून देतो. त्यानं सोडून दिलं तरी चालतं.

आता एक नोंद जवळून पाहू. 'मंगळवारी रात्री पाऊस. बुधवारी सकाळी साडेदहापर्यंत पान ओलं. ३८ दिवसांच्या बागेत खालच्या पानांवर तेलकट डाग.' तीन छोटी वाक्यं, पण प्रत्येकाला वजन आहे. हे डाग डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाचे असू शकतात, आणि डाऊनीची बुरशी पानावर पाणी असेल तरच रुजते. म्हणून पाऊस किती झाला याच्या जोडीनं पान किती वाजता सुकलं, हेही लिहायलाच हवं. असाच पाऊस पडला आणि वाऱ्यानं पान लवकर सुकलं, तर धोका बराच कमी होतो. नोंदीत वेळ नसेल, तर वाचणाऱ्याला हा फरक कळत नाही आणि तो भीतीपोटी विनाकारण एक फवारणी जास्त घेतो.

डाग डाऊनीचाच का, ही शंका पत्रकातच मिटवता येते. संशयाची पाच पानं तोडायची, ओल्या कागदासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची, तोंड बांधून रात्रभर अंधारात ठेवायची. सकाळी पानाच्या मागच्या बाजूला, डागाच्या बरोबर खाली, पांढरी लव दिसली तर डाऊनी. ही कृती छापली की पुढच्या अंकाची पहिली ओळ ठरून जाते: किती पानांवर लव आली. ती ओळ आली नाही, तर ज्यांनी आपल्या घरी पिशवी बांधली होती त्यांचा विश्वास उडतो. अशी माणसं तक्रार करत नाहीत. गुपचूप वाचायचं थांबतात.

(दृश्य: प्लॅस्टिकची दोन पिंपं. एकात निळं पाणी, एकात चुन्याची निवळी.)

कृती लिहिताना कुठं चुकतं, हे बोर्डो मिश्रणावरून, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक फवाऱ्यावरून, चांगलं कळतं. पावसाळ्यातल्या पत्रकात 'एक टक्का बोर्डो फवारावा' एवढंच असतं. ज्याला येतं त्याला हे सांगायची गरज नाही, आणि ज्याला येत नाही त्याला यातून काही मिळत नाही. पूर्ण कृती अशी. एक किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवायचं. दुसऱ्या पिंपात एक किलो कळीचा चुना आधी थोड्या पाण्यात विझवायचा, गाळून घ्यायचा आणि ५० लिटर करायचा. भांडी प्लॅस्टिकची, कारण मोरचुदानं लोखंडाचं भांडं खाल्लं जातं. मग दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतायची आणि ओतताना ढवळत राहायचं.

इथपर्यंत बरेच जण लिहितात. चुकतं ते पुढं. चुन्याचा दर्जा सारखा नसतो, त्यामुळं किलोला किलो घेऊनही मिश्रण कधी कधी आम्ल राहतं आणि पान भाजतं. तपासायला स्वच्छ घासलेला विळा किंवा सुरी मिश्रणात थोडा वेळ बुडवायची. पात्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घालायची, आणि थर चढायचा थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासायचं. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. कोवळ्या फुटीवर एक टक्का नको. हे प्रमाण जून पानासाठी. विळ्याची ही वाक्यं गाळली तर जागा वाचते, पण बाग भाजलेला माणूस ते पत्रक पुन्हा हातात धरत नाही. मजकूर लांबला म्हणून लोक कंटाळतात, असं सर्रास सांगितलं जातं. ते पटत नाही. लोक कंटाळतात ते नको त्या ठिकाणी लांबलेल्या मजकुराला.

बाजारभावातही अशीच गफलत होते. तासगावला बेदाण्याचे सौदे निघतात, सांगलीत हळदीचे. पत्रकात फक्त उच्चांकी दर येतो, कारण तो उठून दिसतो. पण तो दर एखाद्या निवडक मालाला मिळालेला असतो. कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, बहुतेक माल ज्या दरानं गेला तो दर आणि त्या दिवशीची आवक, या चार गोष्टी एकत्र हव्यात. आवक मागच्या सौद्याशेजारी मांडली, तर माल धरून ठेवायचा की काढायचा, याचा अंदाज येतो.

(दृश्य: किर्लोस्करवाडी स्टेशन. जुन्या कारखान्याची भिंत.)

या जिल्ह्यात नेटानं नियतकालिक चालवण्याची परंपरा जुनी आहे. कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर, औंध संस्थानच्या हद्दीत, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला. तिथूनच १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. आधी ते कारखान्याचं पत्रक होतं, पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं. त्याच किर्लोस्करवाडीतून १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघालं. पुण्या-मुंबईपासून लांब, माळावरून निघणारी मासिकं महाराष्ट्रभर वाचली गेली. लोखंडी नांगर चालतो की नाही, हे शेतात पहिल्याच तासाला कळतं. ज्याचं गिऱ्हाईक असं, त्याला पोकळ लिहून भागत नाही.

(दृश्य: टेबलावर उघडी वही, उभ्या रेघा मारलेल्या.)

असं पत्रक सुरू कसं करायचं? पहिला अंक काढण्याआधी सहा अंकांचा मजकूर तयार ठेवावा. बरीच पत्रकं थोड्याच अंकांत बंद पडतात, कारण उत्साह असतो पण शिल्लक नसते. लग्नसराई, ऊसतोड, आजारपण, काहीही आडवं येतं. दिवस ठरवताना वाचणाऱ्याचं काम बघावं. आठवड्याची खरेदी बाजाराच्या दिवशी होत असेल, तर पत्रक आदल्या संध्याकाळी हातात पडायला हवं. दुसऱ्या दिवशी आलेला उत्तम सल्लाही वाया जातो. एका अंकात एकच मुख्य विषय, तीनशे ते चारशे शब्दांत. फोटोखाली तारीख आणि बागेचे दिवस. डागाचा फोटो काढताना शेजारी रुपयाचं नाणं ठेवावं, म्हणजे डाग केवढा ते कळतं.

औषधाच्या दुकानाची जाहिरात घ्यायला हरकत नाही. मात्र ती चौकटीत हवी, वर 'जाहिरात' असं लिहून. सल्ल्याच्या मजकुरात औषधातल्या घटकाचं नाव द्यावं, कंपनीचं नको. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि पुढाऱ्यांचे फोटो एकदा आत शिरले की बाहेर निघत नाहीत, आणि मजकुराची जागा हळूहळू तेच खातात. दुसऱ्यांचे फिरत आलेले निरोप तर अजिबात नकोत. नाशिकची थंडी धरून दिलेला सल्ला तासगावच्या बागेला तसाच लागू पडत नाही.

चूक झाली तर दुरुस्ती पुढच्या अंकात सगळ्यात वर यायला हवी, मूळ चुकीच्या अक्षराएवढ्याच अक्षरात. प्रमाण चुकलं असेल तर पुढच्या अंकापर्यंत थांबूच नये; त्याच दिवशी फळ्यावर आणि व्हॉट्सॲपवर टाकावं.

या सगळ्याला लागते ती एक वही, तीन रकान्यांची. पहिल्यात तारीख आणि बागेचे दिवस, दुसऱ्यात काय सांगितलं, तिसऱ्यात काय झालं. तिसरा रकाना बागेत जाऊन भरावा लागतो, फोनवर विचारून नाही. लोक फोनवर चांगलं तेच सांगतात. ज्या आठवड्यात नवं काही घडलेलं नाही, त्या आठवड्यात दोनच ओळी द्याव्यात: 'हवा कोरडी. मागच्या अंकातली कामं चालू ठेवा.' जागा भरायला म्हणून काही घालू नये.

माल उतरला, बेदाणा शेडवर गेला, की खरड छाटणीच्या आधी वर्षाचा एक अंक काढावा. त्यात वहीचे तिन्ही रकाने जसेच्या तसे छापावेत, साधलेल्या सल्ल्यांइतकेच फसलेलेही. आणि जिथं तिसरा रकाना कोरा राहिला असेल, तिथं 'पाहणी केली नाही' एवढंच लिहावं.