१ तास ५९ मिनिटं ४८ सेकंद

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका शर्यतीबद्दल बोलायचंय. त्याआधी एक वेळ लक्षात ठेवा. हाताशी पेन असेल तर कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहूनच घ्या. १ तास ५९ मिनिटं ४८ सेकंद. परत सांगतो, १ तास ५९ मिनिटं ४८ सेकंद. ही वेळ आपल्या गोष्टीत दोनदा येणार आहे, आणि सगळी भानगड त्या 'दोनदा'मध्येच आहे.

शर्यत ट्रायथलॉनची. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, आणि घड्याळ मध्ये कुठेही थांबत नाही. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिकला पुरी केली ती आयर्नमॅन, या घराण्यातली थोरली बहीण म्हणा. तिच्यात ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर एक अख्खी मॅरेथॉन. ऑलिंपिकमधली शर्यत त्या मानानं धाकटी. १५०० मीटर पोहणं, चाळीसएक किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणं. धाकटी म्हणजे सोपी नव्हे. धाकटी तिखट असते, घरोघरी अनुभव आहे.

पोहण्यावरून आठवलं. आमच्या पिढीला पोहायला शिकवलं ते विहिरीनं. पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधायचा आणि काकानं मागून ढकलायचं, झाला अभ्यासक्रम. आता विहिरीवर जाळी आणि शहरातल्या तलावावर 'दुरुस्तीसाठी बंद'ची पाटी. मी राहतो तिथली पाटी इतकी जुनी झाली की मध्यंतरी पाटीच दुरुस्त करून गेले. मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात म्हणून आपण बोंब मारतो, पण त्यांनी पाण्यात डोकं घालावं तरी कुठे? असो. शर्यतीकडे येतो.

या खेळात तीन नाही, चार खेळ असतात. चौथा खेळ म्हणजे बदल. पाण्यातून निथळत धावत यायचं, सायकल काढायची, सायकलवरून उतरलं की बूट चढवायचे. यातला एक नियम मला फार आवडतो. डोक्यावर हेल्मेट चढवून त्याचा बंद खटकन लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. आधी बंद, मग सायकल. आधी बंद, मग सायकल. आणि आपल्याकडे? हेल्मेट कोपराला. कोपराचं एवढं रक्षण जगात कुठेच होत नसेल. सायकलवर बसायचीही रेषा आखलेली असते. लंडनला २०१२ मध्ये जोनाथन ब्राउनली त्या रेषेच्या आधीच टांग मारून बसला. १५ सेकंदांचा दंड झाला. धावता धावता मध्येच थांबून त्यानं तो भोगला आणि तरी कांस्यपदक घेतलं. सुवर्ण त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाला, अॅलिस्टरला. पण ती गोष्ट मंगळवारची. मला सांगायचीय ती त्याआधीच्या शनिवारची.

शनिवार, ४ ऑगस्ट २०१२. तारीख ओळखीची वाटते का? सायना नेहवालनं कांस्यपदक मिळवलं तो दिवस. आमच्या घरी टीव्ही लागला होता तो सायनासाठीच. दुपारचे दीड वाजलेले, मागची आवरासावर चाललेली. वाहिन्या बदलता बदलता मध्येच एक तळं दिसलं आणि तळ्यात पन्नासहून जास्त बायका एकदम सूर मारत होत्या. लंडनमध्ये सकाळचे नऊ. हाईड पार्क, भर शहरातली बाग, आणि तिच्यातला सर्पंटाइन तलाव. आई आतून म्हणाली, "बॅडमिंटन लागलं का?" मी म्हटलं, "नाही, पोहणं चाललंय." पाऊण तासानं तिनं परत विचारलं, तर मी म्हटलं, "सायकल चाललीय." तिला वाटलं मी थट्टा करतोय.

सायकलीच्या सात फेऱ्या, मिळून ४३ किलोमीटर, बकिंगहॅम राजवाड्यासमोरून. रस्ते ओले, वळणं निसरडी. काही जणी धडाधड पडल्या. ओल्या डांबरावर वळताना काय होतं ते जुलैत दुचाकी चालवणाऱ्या कुणालाही सांगायला नको. मग धावणं, चार फेऱ्या. पहिल्या फेरीतला घोळका दुसरीत निम्मा, असं होत होत शेवटी पुढे पाच जणी उरल्या. त्यातली एक घरची, ब्रिटनची हेलन जेनकिन्स. बाग तिच्यासाठी ओरडत होती, पण शेवटच्या फेरीत तीही मागे पडली. मग अमेरिकेची सारा ग्रॉफ सुटली. उरल्या तिघी. स्वित्झर्लंडची निकोला स्पिरिग, स्वीडनची लिसा नॉर्डेन, ऑस्ट्रेलियाची एरिन डेन्शम.

पदकं तीन आणि बायका तीन, तेव्हा पदक तिघींचंही पक्कं. भांडण फक्त रंगाचं.

शेवटचा सरळ पट्टा आला आणि निकोलानं मुसंडी मारली. दोन तास झालेत, पोहून झालंय, सायकल झालीय, दहावा किलोमीटर चाललाय, आणि ही बाई आत्ताच घरून निघाल्यासारखी सुटली. अंतर पडलं. मी म्हटलं, झालं, संपलं. तेवढ्यात लिसा डेन्शमला ओलांडून मागून आली. एक पाऊल कमी झालं, अर्धं कमी झालं, आणि रेषेवर दोघी एकदम. निकोला तर तिथेच आडवी झाली. घड्याळात निकोला स्पिरिग, १ तास ५९ मिनिटं ४८ सेकंद. लिसा नॉर्डेन, १ तास ५९ मिनिटं ४८ सेकंद.

आली ना दोनदा? कॅलेंडर बघा.

आता पंचांनी काय करायचं? फोटो बघायचा. पण हा फोटो आपल्या लग्नातल्या फोटोसारखा नसतो, तेवढं नीट ऐका. दाराची बारीकशी फट धरून तुम्ही वरात बघताय असं समजा. फटीतून एका वेळी एक सुतभर पट्टी दिसते. आधी घोड्याचं नाक, मग मान, मग नवरदेवाचा गुडघा. त्या सगळ्या पट्ट्या ओळीनं शेजारी शेजारी चिकटवल्या की घोडा पुरा होतो. शर्यतीचा कॅमेरा असाच एका फटीतून फक्त शेवटची रेषा बघत असतो. म्हणून त्या चित्रात पुढे-मागे म्हणजे जागा नव्हे, वेळ. पुढे दिसते ती आधी आली. पुन्हा सांगतो, पुढे दिसते ती आधी आली.

आणि बघायचं काय, तर धड. डोकं नाही, मान नाही, हात नाही, पाय नाही. फक्त धड. लांबलचक मान काढून कुणी जिंकू नये म्हणून असावं. (आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मात्र ज्याची मान लांब त्याचाच पहिला नंबर यायचा, आणि पंच म्हणून उभे असायचे चित्रकलेचे सर, तेही चहा पीत.)

तर लंडनला पंच फोटो बघत बसले, दोघी बायका ताटकळत उभ्या, आणि आमच्या घरी आई पदराला हात पुशीत बाहेर आली. तिला सगळं परत दाखवलं, संथ गतीनं. तिनं एकदाच बघितलं आणि म्हणाली, "अरे, मग दोघींनाही द्या की सोन्याचं! दोन तास मरमर केलीय पोरींनी." मी तिला म्हटलं, "आई, हे हळदीकुंकू नाही." निकाल आला. निकोला स्पिरिगचं धड आधी. तिला सुवर्ण, लिसाला रौप्य. डेन्शम अवघी दोन सेकंदं मागे, १ तास ५९ मिनिटं ५० सेकंद, तिला कांस्य.

पण खरी मजा पुढे आहे. स्वीडननं हरकत घेतली. क्रीडा लवादापुढे अपील केलं. आणि मागणी काय? दोघींनाही सुवर्ण द्या! शब्दशः आमच्या आईची मागणी. मी पेपर घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि माफी मागितली. तिनं "हं" एवढंच म्हटलं आणि फोडणी टाकली. लवादानं अपील फेटाळलं. मैदानातला निकाल पंचांनी प्रामाणिकपणे दिला असेल तर तो मैदानाबाहेर उलटवायचा नाही, ही त्यांची जुनी रीत. आणखी गंमत म्हणजे जिंकलेली निकोला स्वतः कायदा शिकलेली. समोरची बाजू दाव्याला जाणार म्हणून तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

स्विस बायकांचं या शर्यतीशी काही जुनं नातं असावं. ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते २००० साली, सिडनीला, तिथल्या ऑपेरा हाउसच्या पायाशी. तेव्हाही जिंकली स्वित्झर्लंडचीच ब्रिजिट मॅकमहोन, तीही शेवटच्या पट्ट्यात, दोन सेकंदांनी. निकोलानं लंडननंतर मुलगा झाल्यावर परत सराव सुरू केला आणि २०१६ ला रिओत रौप्य आणलं. तिथे फोटो लागला नाही, अमेरिकेची ग्वेन जॉर्गेनसन सरळ पुढे निघून गेली.

गोव्याबद्दलही बोलायचं होतं. मिरामारच्या किनाऱ्यावरून २०१९ पासून अर्ध्या आयर्नमॅनची शर्यत होते, त्यासाठी कोल्हापूर-पुण्याची मंडळी पहाटे चारला उठून कशी सायकली मारतात, ते सगळं लिहून आणलं होतं. पण समोरच्या काचेतून मला केव्हापासून दोन बोटं दाखवताहेत, म्हणजे दोनच मिनिटं उरलीत. आता एकच बोट दिसतंय.

तेवढ्यात आईचा प्रश्न सांगतो. निकाल लागल्यावर तिनं विचारलं, "आणि ती चौथी आली ती?" मी यादी बघितली. सारा ग्रॉफ. वेळ, बरोब्बर २ तास, वर एक सेकंदही नाही. आई म्हणाली, "तिला कुणी फोटोतसुद्धा नाही बघितलं," आणि सायनाचा सामना कधी आहे ते विचारायला लागली.

नमस्कार.