शिक्रा की पावशा?

(दृश्य: कवडीपाटचा बंधारा, थंडीतली सकाळ)

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाट. मुळा-मुठेच्या पाण्यावर फेस, काठाला अडकलेलं प्लास्टिक, आणि त्यातच उतरलेले चक्रवाक. रविवारी इथे पक्ष्यांपेक्षा कॅमेरेच जास्त, असं लोक गमतीनं म्हणतात. माणसं घरी पोचायच्या आत फोटो पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचलेले असतात.

(दृश्य: मोबाइलवर एक हललेला फोटो)

“सर, हा ससाणा आहे का?”

फांदीवर राखाडी रंगाचा, पाठमोरा पक्षी. कुणीतरी लिहितं, “आधी पुस्तक वाचा.” विचारणारा पुन्हा ग्रुपवर तोंड उघडत नाही. दुसरं कुणी नुसतंच लिहितं, “शिक्रा.” नाव कळलं, पण कशावरून ते नाही, म्हणून पुढच्या रविवारी तोच प्रश्न. ग्रुप कंटाळवाणा होतो तो नवख्यांपेक्षा अशा एकशब्दी उत्तरांनी.

जाणता माणूस उलट विचारतो, “चोच आकड्यासारखी वळलेली होती, की बरीचशी सरळ? डोळ्याभोवती पिवळं कडं दिसलं का?” कारण पावशा हा कोकिळेच्या कुळातला पक्षी हुबेहूब शिक्र्यासारखा, म्हणजे त्या छोट्या शिकारी पक्ष्यासारखा दिसतो, उडतोही तसाच. लहान पक्षीसुद्धा फसतात, तिथे आपलं काय! उन्हाळ्यात ‘पेरते व्हा’ ऐकू आलं की प्रश्नच मिटतो. थंडीत स्वारी बहुतेक गप्प असते.

(दृश्य: मुंबई, बीएनएचएसची, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची इमारत)

१९०८च्या सुमारास शाळकरी सलीम अली असाच प्रश्न घेऊन या संस्थेत आले होते. गळ्यावर पिवळा ठिपका असलेली, छर्‍याच्या बंदुकीनं मारलेली चिमणी सोबत होती. मानद सचिव मिलर्ड यांनी ती ओळखली, आणि तेवढ्यावर न थांबता संग्रहातले पेंढा भरलेले पक्षीही त्या पोराला दाखवले.

(दृश्य: सातपुडा, सागाचं जंगल)

ग्रुपनं कडक राहायचं ते नवख्यांच्या प्रश्नांवर नाही, इथे. शंभराहून अधिक वर्षं कुणालाच न दिसलेला रानपिंगळा, एक छोटं घुबड, १९९७मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. अशा पक्ष्याचं झाड ग्रुपवर सांगितलं, की दुसर्‍या दिवशी तिथे गाड्या, आणि त्याला पुढे बोलवायला मोबाइलवर वाजवलेली त्याचीच हाक. घरट्याचे फोटो नकोत, नेमकी जागा नको. हा नियम मोडणारा बर्‍याचदा नवखा नसतो. लांबलचक लेन्सवाला जुना सभासद असतो, आणि त्याला टोकायला अ‍ॅडमिनची जीभ रेटत नाही. शुभ सकाळचे गुलाब काय, गुपचूप काढून टाकता येतात.

(दृश्य: गॅलरीतून दिसणारं झाड, बुलबुल, साळुंक्या)

फेब्रुवारीतली चार दिवसांची पक्षीगणना नवख्यांसाठी उत्तम. पंधरा मिनिटं खिडकीत उभं राहायचं, दिसेल ते मोजून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायचं. तिथे बुलबुलाचीही नोंद लागते. ओळख पटलीच नाही, तर ‘पांढरा बगळा, जात अनिश्चित’ असं लिहायची सोय आहे. जाणतेही ती बिनदिक्कत वापरतात.