पाऊस किती, आणि दर्या कुठे?

श्रोतेहो, नमस्कार. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. पुन्हा सांगतो, सांताक्रूझ ९४४, कुलाबा ७३. त्यामुळे ‘मुंबईत इतका पाऊस’ हा आकडा कुर्ल्यात राहणाऱ्याच्या फारसा उपयोगाचा नसतो.

कुर्ल्यातच, मिठी नदीकाठच्या एका वस्तीत, पावसाळ्याच्या तोंडावर सभा भरली होती. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, तेही ओहोटी असेल तर, आखलेल्या होत्या, असे एक अभियंता आलेख दाखवून समजावत होते आणि लोक चहाची वाट पाहत माना डोलावत होते. तेव्हा माहीमहून मासळी घेऊन येणाऱ्या एक कोळीण मावशी मागून म्हणाल्या, “साहेब, पाऊस किती ते मागनं सांगा. दर्या कुठं हाय ते आधी सांगा. पुनवेला बाराच्या सुमाराला भरती, पुढं रोज पाऊण तास उशिरा.”

अभियंत्यांनी लगेच २००५ चे भरतीचे कोष्टक काढले. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास जवळपास साडेचार मीटरची भरती होती, आणि पावसानेही अडीचनंतरच जोर धरला होता. मग मात्र सभा बोलू लागली. कोणाच्या उंबऱ्यावर पाणी कधी चढले, कोण पोटमाळ्यावर कधी गेले, हे सांगितले जाऊ लागले आणि अभियंते प्रत्येक वेळ आलेखावर टिपत गेले.

कारण साधे आहे: आपल्या नाल्यांची समुद्राकडची अनेक मुखे समुद्रसपाटीच्या खाली आहेत, त्यामुळे भरतीत पाणी बाहेर पडत नाही. भरती चंद्रामुळे येते हे शाळेत घोकून घेतात, पण घरामागचा नाला कुठे जाऊन मिळतो हे मुलांना कोणी विचारत नाही. मला हे कधीच पटलेले नाही.

२०२० पासून मुंबईसाठी ‘आयफ्लोज’ ही पूर-पूर्वसूचना प्रणाली आहे. त्या वस्तीने मात्र स्वतःचा फळाही टांगला आहे: पावसाळ्यात रोज सकाळी त्यावर भरतीची वेळ आणि उंची लिहितात, आणि खाली, कोणत्या घरातल्या आजींना वरच्या मजल्यावर कोणी न्यायचे, ते. आपल्या चाळीत असा फळा लावायचा असेल, तर भरतीची वेळ सर्वांत वर, ठळक अक्षरांत लिहावी.