आकाशाला पडलेल्या चुण्या

नमस्कार, श्रोतेहो.

१९८७ साली ‘सुपरमॅन ४ : द क्वेस्ट फॉर पीस’ नावाचा सिनेमा आला. त्यात शेवटाकडे चंद्रावर सुपरमॅन आणि खलनायक न्यूक्लिअर मॅन यांची मारामारी आहे. पायाखाली करडी माती, मागे काळंभोर अवकाश. पण जरा नीट बघितलं, की त्या अवकाशाला चुण्या पडलेल्या दिसतात. उभ्या, लांबलचक चुण्या. कारण ते अवकाश म्हणजे स्टुडिओत टांगलेला काळा कपडा आहे, आणि तो ताणून बसवायला, त्यावर नीट प्रकाश साधायला कुणाला वेळ मिळालेला नाही.

अशा चुका हुडकण्याचा छंद पुष्कळांना असतो. मलाही आहे. पण नुसतं हसून सोडून देण्यापेक्षा ती चूक तिथे आली कुठून, हे शोधण्यात जास्त गंमत आहे. बहुतेक वेळा माग काढत गेलं, की आपण हिशेबाच्या वहीपाशीच पोचतो.

सिनेमा कथेच्या क्रमानं चित्रित होत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. नायक खोलीतून दार उघडून बाहेर पडतो. खोली स्टुडिओतली, तिचं शूटिंग मार्चमध्ये. बाहेरची गल्ली दुसऱ्याच गावातली, तिचं मे महिन्यात. मधल्या काळात नायकाचे केस वाढलेले असतात, शर्टाचं वरचं बटण उघडं होतं की लावलेलं हे तो विसरलेला असतो. ते लक्षात ठेवणं हे कंटिन्युइटी सांभाळणाऱ्या माणसाचं काम. पूर्वी तो पोलरॉइड फोटो काढून वहीत चिकटवायचा, आता मोबाइलवर काढतो. मोठ्या युनिटमध्ये त्याला एवढं एकच काम असतं. छोट्या युनिटमध्ये तोच क्लॅप देतो, तोच नटांना मेकअप रूममधून बोलावून आणतो. मग बटण निसटतंच.

अतिमानवाच्या सिनेमात तर जास्तच. अंगरखा वाऱ्यावर फडफडायला हवा, म्हणजे पंखा आला. पंखा एका शॉटमध्ये डावीकडून, दुसऱ्यात उजवीकडून. उडायचं तर तारा आल्या, डमी आला. उडणारा प्रत्येक सेकंद महाग. म्हणून पैसे आटले की पहिली कात्री उडण्यालाच लागते.

‘सुपरमॅन ४’चं तेच झालं. निर्माते कॅनन फिल्म्स, म्हणजे मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस. खर्च ठरला होता सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलर. ऐन वेळी तो १ कोटी ७० लाखांवर आणला. मग काय झालं? सुपरमॅन हात पुढे करून थेट कॅमेऱ्याच्या दिशेनं उडत येतो, असा एक शॉट घेतला आणि तोच पुन्हा पुन्हा वापरला. मागचं दृश्य तेवढं बदललं. कधी आकाश, कधी अवकाश. माणूस तोच, हाताचा कोन तोच, चेहऱ्यावरचा भावही तोच. एकदा तुम्ही तो शॉट ओळखलात की संपलं, पुढे कथेकडे लक्षच लागत नाही. पुढच्या वेळी कधी येतोय याची वाट बघत बसता.

शहराचीही तीच गत. मेट्रोपोलिसची भुयारी रेल्वे म्हणून जे दिसतं, ते लंडनचं ऑल्डविच स्थानक आहे. आणि न्यूयॉर्कचं संयुक्त राष्ट्रसंघाचं मुख्यालय? ते इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स या नव्यानं वसवलेल्या गावातल्या रेल्वे स्थानकाजवळचा चौक! सुपरमॅन झालेल्या ख्रिस्तोफर रीव्हनं आत्मचरित्रात हे मोठ्या खंतीनं लिहिलंय. पावसात शूटिंग, शंभरएक माणसं, रस्त्यावर एक मोटार नाही, आणि वातावरणनिर्मितीसाठी डझनभर कबुतरं सोडलेली. रीव्हला वाईट वाटणं साहजिक होतं. अण्वस्त्रबंदीची ही गोष्ट रचण्यात त्याचाच हात होता.

काही चुका तर शूटिंग संपल्यावर, एडिटिंगच्या टेबलावर जन्माला आल्या. मूळ सिनेमात न्यूक्लिअर मॅन दोन होते. पहिल्याची सगळी दृश्यं उडवली. एकूण पाऊण तासाच्या आसपास ऐवज कापला गेला. आता दोन दृश्यांमधला सांधाच निघून गेल्यावर शर्टाच्या बटणाची वही कितीही चोख ठेवा, काय उपयोग? तरी एक सांगतो. एक बाई अवकाशात, हेल्मेटशिवाय, श्वास घेत, केसही न विसकटता तरंगते, ही कंटिन्युइटीची चूक नव्हे. ते लिहिणाऱ्यांनीच जाणूनबुजून सोडून दिलेलं आहे, त्याचं खापर वहीवाल्यावर फोडू नये.

पैसा असला की चुका होत नाहीत, असंही नाही बरं का. २०१७ च्या ‘जस्टिस लीग’मध्ये काही दृश्यं पुन्हा चित्रित करायची वेळ आली, तोवर त्यात सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलनं दुसऱ्या सिनेमासाठी मिशी राखली होती आणि ती काढायची परवानगी नव्हती. मग संगणकानं मिशी पुसली. अफाट खर्चाचा सिनेमा, आणि प्रेक्षक सुपरमॅनच्या वरच्या ओठाकडे बघत बसले.

आता आपल्या मालेगावात येऊ. यंत्रमागांचं गाव, शुक्रवारी माग बंद. तिथे शेख नासिर यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ बनवला, आणि तो बनत असताना फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. नायक शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा काटकुळा मुलगा. मालेगावच्या सिनेमावाल्यांकडे ट्रॉली नसली तर सायकल, क्रेन नसली तर बैलगाडी. कॅमेरा पाण्यात पडतो, शूटिंग थांबतं. मध्येच नायकाचं लग्न निघतं. आता अशा ठिकाणी दोन शॉटमधला प्रकाश जुळायचा कसा? आणि तो जुळला नाही, तर बिघडलं कुठे? या सुपरमॅनच्या चड्डीची नाडी लोंबते, त्याला दमा आहे. त्यानं कुणाला भव्यतेचं वचन दिलेलंच नाही. चूक कुठली आणि विनोद कुठला हे सांगता येत नाही, आणि प्रेक्षकही विचारत नाहीत.

मिल्टन कीन्समधल्या त्या चौकात मात्र तोच रीव्ह, तोच निळा पोशाख, आणि १९७८ च्या पहिल्या सिनेमात तो किती सुरेख उडाला होता हे लोकांच्या डोळ्यांपुढे ताजं. म्हणून तिथली कबुतरंसुद्धा खुपतात.

माहितीपट मिळाला तर जरूर बघा. तासाभराचाच आहे. आणि हवं तर नाडीवर लक्ष ठेवा. प्रत्येक शॉटमध्ये ती तेवढीच लोंबते का, ते मला कळवा.

नमस्कार.