तब्येत स्थिर आहे

(दृश्य: होस्टेलचा लांबलचक कॉरिडॉर, कुलूप लावलेल्या खोल्या, दोरीवर राहून गेलेला एक एप्रन)

९ मार्च २०२० ला महाराष्ट्रातले पहिले कोरोना पेशंट पुण्यात सापडले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मेडिकल कॉलेजच्या होस्टेलांवर नोटिसा लागल्या. फर्स्ट इयर, सेकंड इयरवाल्यांनी घरी जायचं, इंटर्न आणि रेसिडेंट (एमबीबीएसनंतर पीजी करत वॉर्डात काम करणारे डॉक्टर) इथेच थांबतील. एकाच मेसमध्ये जेवणारी पोरं, एका कागदाने त्यांचे दोन गट पडले. घरी जाणाऱ्यांना वाटलं पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, बऱ्याच जणांनी पुस्तकंसुद्धा नेली नाहीत, गादी गुंडाळून ठेवली आणि मिळेल ती एसटी पकडली. जे मागे राहिले त्यांनी तोपर्यंत मृत्यू पाहिला होता, पण तो राउंडला सरांच्या मागे घोळक्यात उभं राहून. या दोन्ही गटांच्या मनाचं त्या काळात काय झालं, आणि त्यांनी मदत का मागितली नाही, त्याबद्दल हा व्हिडिओ आहे.

आधी इंटर्न म्हणजे कोण ते सांगते, कारण घरच्यांनासुद्धा हे नीट माहीत नसतं. साडेचार वर्षं एमबीबीएस शिकून फायनल पास झालं की एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप असते. रजिस्ट्रेशन तात्पुरतं, पेशंटच्या तोंडी "डॉक्टर", आणि हॉस्पिटलच्या हिशोबात विद्यार्थी. वय तेवीस-चोवीस. कोविडमध्ये ही मुलं स्वॅब घेत होती, सॅच्युरेशन म्हणजे रक्तातला ऑक्सिजन लिहीत होती, सॅम्पल घेऊन लॅबमध्ये पळत होती, पोर्टलवर एंट्री करत होती, ऑक्सिजनचा फ्लो बघत होती. काम करताना ते डॉक्टर होते, पैसे आणि रजा मागायला गेले की विद्यार्थी. राज्यातल्या सरकारी कॉलेजात इंटर्नला महिन्याला ११,००० स्टायपेंड होता, मुंबई महापालिकेने आपल्या इंटर्नना कोविडच्या काळासाठी ५०,००० जाहीर केले, म्हणजे त्याच राज्यात, त्याच आजारासाठी, तोच पीपीई सूट घालून दोन वेगळ्या किमती. पैशाचा मुद्दा मी मानसिक आरोग्याच्या व्हिडिओत का आणतेय असं वाटेल, पण आपली किंमत काय हे माणसाला महिन्याच्या महिन्याला कागदावर दिसत असेल तर ते डोक्यात जातंच.

(दृश्य: पीपीई चढवणारे हात, पाठीवर मार्करने नाव लिहिलं जातंय)

पीपीईबद्दल खूप बोललं गेलंय म्हणून थोडक्यात. सहा तास, कधी आठ. आत जायच्या तासभर आधीपासून पाणी बंद, कारण एकदा चढवला की बाथरूमला जायचं नाही. मुलींची पाळी असेल तर तशीच. गॉगलवर वाफ धरायची, समोरच्याचं तोंड दिसायचं नाही म्हणून पाठीवर नाव लिहायचं. लस तर हेल्थ वर्कर्सनासुद्धा १६ जानेवारी २०२१ पासून मिळायला लागली, त्याआधीचे दहा महिने काय होतं तर मास्क, हायड्रॉक्सीक्लोरोक्विनच्या गोळ्या आणि नशीब.

पण आज त्या बॅचच्या मुलामुलींशी बोलायला बसलं ना, तर पीपीईबद्दल ते फार बोलतच नाहीत. ते फोनबद्दल बोलतात.

कोविड वॉर्डात नातेवाईकांना प्रवेश नव्हता. मग पेशंट कसा आहे हे घरी कोण सांगणार, तर बऱ्याच ठिकाणी हे काम इंटर्नकडे आलं. संध्याकाळी एक लिस्ट हातात यायची, बेड नंबर, नाव, नातेवाइकाचा मोबाइल, ऑक्सिजन किती लिटरवर आहे. एकेका घराला दोन-अडीच मिनिटं. पहिल्या आठवड्यात नातेवाईक विचारायचे "जेवले का, आमच्याबद्दल काही विचारलं का", दुसऱ्या आठवड्यात तेच लोक विचारायला लागायचे "सॅच्युरेशन किती, बायपॅप लावलं का, रेमडेसिव्हिर कितवं चाललंय". शेतकरी, रिक्षावाले, शाळेतल्या मॅडम, सगळे ते शब्द शिकले. आणि इंटर्न काय सांगणार, तिच्या हातात निर्णय एकही नाही, तिला एक वाक्य शिकवलेलं, "तब्येत स्थिर आहे, ऑक्सिजनवर आहेत, डॉक्टर लक्ष ठेवून आहेत." रोज त्याच घरी फोन, त्यामुळे आवाज ओळखीचे होतात, पलीकडची मुलगी "ताई" म्हणायला लागते, "ताई तुम्ही जेवलात का" पण विचारते. आणि मग एखाद्या संध्याकाळी लिस्टमध्ये त्या नावावर आडवी रेघ असते. मृत्यूची बातमी देण्याचं काम खरं तर सीनियरचं, पण सीनियर आत इन्ट्युबेशनमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी श्वासनलिकेत नळी घालण्यात अडकलेला, आणि पलीकडचा फोन तर सहा वाजले म्हणून आपणहून वाजायला लागलेला.

तो उचलायचा की नाही, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. म्हणजे कागदावर होतं म्हणा, २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात संवाद आणि नैतिकता हा विषय आलाय, पण २०२० आणि २०२१ चे इंटर्न त्याच्या आधीच्या बॅचचे. त्यांनी ते थेट फोनवर शिकलं. आणि रात्री रूमवर आल्यावर आईचा फोन यायचा, कशी आहेस, आणि ती म्हणायची बरी आहे, कारण खरं सांगितलं असतं तर आईने "ये निघून" म्हटलं असतं आणि निघून येता येत नव्हतं.

यातलं काहीच रडून मोकळं होण्यासारखं नव्हतं. अनेक ठिकाणी सात दिवस ड्युटी आणि सात दिवस क्वारंटाइन असा क्रम होता. ऐकायला बरं वाटतं की सुट्टी मिळाली, पण ते सात दिवस म्हणजे बंद खोली, दाराशी ठेवलेला डबा, आणि डोक्यात मागच्या आठवड्यातले सगळे बेड नंबर. झोप उडणं, दचकून जागं होणं, पेशंट दगावल्यावर काहीच न वाटणं आणि मग काहीच वाटलं नाही म्हणून अपराधी वाटणं. यात भित्रेपणा नव्हता की कमकुवतपणा. चोवीस वर्षांच्या मुलावर जितकं पडलं तितकं पन्नाशीतल्या अनुभवी डॉक्टरवर पडलं असतं तरी हेच झालं असतं.

(दृश्य: गावाकडचं घर, गच्चीवर मोबाइल उंच धरून बसलेला मुलगा)

आता घरी गेलेल्यांकडे येऊ, कारण त्यांचं सोपं होतं असं आपल्याला वाटतं. ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना, मोबाइलवर. ज्या विषयात बॉडीसमोर उभं राहून हाताने शिकायचं असतं तो विषय रेंज येईल त्या कोपऱ्यात बसून स्क्रीनवर. ज्यांनी बोन सेट घरी आणलेला त्यांच्या पलंगाखाली हाडांचा डबा, आणि आजी म्हणणार हे घरात नको. मराठवाड्यात, खानदेशात, कोकणात कितीतरी घरांत तो मुलगा किंवा ती मुलगी म्हणजे आख्ख्या भावकीतली पहिली मेडिकलची ॲडमिशन. आणि एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली, १८ तारखेला एका दिवसात राज्यात ६८,६३१ पेशंट सापडले, तेव्हा गावाने फोन कोणाला लावला? याला. "अरे तू मेडिकलला आहेस ना, बेड बघ ना कुठे." "एचआरसीटीचा स्कोअर चौदा आलाय, काय करू?" "रेमडेसिव्हिर मिळेल का तुमच्या कॉलेजात?"

एकोणीस वर्षांचं पोरगं. त्याला ह्यूमरस आणि फीमर ही हाडं कळतात, ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे खांद्यातलं नसांचं जाळं, पाठ आहे, एचआरसीटी, म्हणजे छातीचा स्कॅन, त्याने कधी बघितलेलासुद्धा नाही. तरी तो रात्री दोन वाजता सीनियर्सच्या ग्रुपवर मेसेज टाकतो, याला विचार, त्याला विचार, आणि बेड मिळत नाही, कारण तेव्हा कुणालाच मिळत नव्हता. आणि ज्यांचा फोन आला होता ते काका गेले. कुणी त्याला दोष देत नाही, उलट म्हणतात बिचाऱ्याने खूप प्रयत्न केले. तो स्वतःला देतो. असं ओझं वाहिलेली मुलं माझ्या मते इंटर्नांपेक्षा कमी नाहीत, फक्त ती कुठल्याच ड्युटी लिस्टवर नव्हती, त्यामुळे त्यांना विश्रांतीची गरज आहे हेच कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि २०२० ची बॅच तर वेगळीच. नीट झाली १३ सप्टेंबर २०२० ला, कॉलेज सुरू झालं १ फेब्रुवारी २०२१ ला, आणि जरा कुठे रूममेटची ओळख होतेय तोवर दुसरी लाट, अनेकांना परत घर. रॅगिंग नको, पण कट्टा तर हवा ना, रडायला खांदा देणारा एक रूममेट हवा, नोट्स देणारी एक सीनियर हवी. मेडिकलमध्ये पोरं तग धरतात ती अशा माणसांच्या जिवावर.

चीनमध्ये एमबीबीएस करणारी मराठी मुलं तर सुट्टीला म्हणून आली आणि अडकलीच. २०२० च्या मार्चमध्ये चीनने प्रवेश बंद केला, विद्यार्थी व्हिसा पुन्हा द्यायला लागले ऑगस्ट २०२२ मध्ये. अडीच वर्षं डॉक्टरकी लॅपटॉपवर, आणि घरी कर्जाचे हप्ते चालू.

(दृश्य: कॅलेंडर नाही, तारखा नाहीत, फक्त लायब्ररीतली रिकामी टेबलं)

या सगळ्यात माझं ठाम मत असं झालंय की विषाणूच्या भीतीपेक्षा तारखांनी मुलांना जास्त पोखरलं. नीट पीजी २०२१, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा, तिची तारीख १८ एप्रिल होती. १५ एप्रिलला, म्हणजे तीन दिवस आधी, परीक्षा पुढे ढकलली. लाट बघता ढकलणं बरोबरच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. ३ मेला केंद्राने सांगितलं किमान चार महिने नाही, आणि तोवर इंटर्नना कोविडच्या कामाला लावा, फायनल इयरच्या मुलांना फोनवरून सौम्य पेशंट बघायला द्या. परीक्षा झाली ११ सप्टेंबरला. मग या प्रवेशांतल्या आरक्षणाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात, कौन्सेलिंग, म्हणजे कॉलेजच्या जागांचं वाटप, थांबलं, डिसेंबरमध्ये देशभर रेसिडेंट डॉक्टर रस्त्यावर आले, ७ जानेवारी २०२२ ला कोर्टाचा आदेश आला आणि १२ जानेवारीला कौन्सेलिंग सुरू झालं. एप्रिलपासून जानेवारी. या काळात हजारो तरुण डॉक्टर घरी बसून तीच पुस्तकं परत परत वाचत होते, आणि दुसरीकडे वॉर्डात फर्स्ट इयर रेसिडेंटची बॅच आलीच नाही म्हणून दोन बॅच तीन बॅचचं काम ओढत होत्या.

रेसिडेंटच्या तासांबद्दल १९९२ पासून केंद्राचा नियम आहे, सलग १२ तासांच्या वर ड्युटी नको, आठवड्याला ४८ तास. कोणत्याही सरकारी हॉस्पिटलच्या रेसिडेंटला हा नियम वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा.

आता मूळ प्रश्नावर येते. मदत का मागितली नाही? यांना तर सगळं माहीत असतं, सायकियाट्रीची, म्हणजे मानसोपचार विभागाची, पोस्टिंग केलेली असते, डिप्रेशनची लक्षणं परीक्षेत लिहिलेली असतात, औषधांची नावं पाठ. अडचण माहितीची नाहीच. अडचण अशी की मदत मागायची ती कुणाकडे, तर आपल्याच कॉलेजच्या सायकियाट्री ओपीडीत. तिथे केस पेपर काढणारी सिस्टर ओळखीची, बाहेर पोस्टिंगला बसलेला आपलाच बॅचमेट, आत बसलेले सर उद्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, आपल्यासमोर असणार. केस पेपरवर नाव लागतं, रजिस्टरमध्ये नोंद होते. मग पोरं काय करतात, स्वतःच गोळी ठरवतात, बाहेरच्या मेडिकलमधून घेतात, नाहीतर काहीच करत नाहीत आणि "थोडा बर्नआउट आहे" म्हणून हसून घालवतात. मॅडम विचारतातही कधीकधी, काय झालं रे, बरा आहेस ना. चांगल्या मनाने विचारतात. पण इंटर्नशिप पूर्ण झाल्याच्या कागदावर ज्यांची सही लागणार त्यांना "नाही, मी बरा नाही" असं कोण सांगेल?

२०२४ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनच्या, म्हणजे मेडिकलच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, टास्क फोर्सने देशभर ऑनलाइन सर्व्हे केला. एमबीबीएसच्या २५,५९० मुलांनी तो भरला. त्यातल्या २७.८ टक्के मुलांनी मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं, १६.२ टक्के मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेलेले. पीजीमध्ये निदान झालेले १५.३ टक्के, पण तसे विचार येऊन गेलेले जवळपास ३१ टक्के. म्हणजे निदान निम्म्यावर आणि विचार दुप्पट. मला त्याचा अर्थ असा दिसतो की वर जाल तसं डॉक्टरकडे जाणं कमी होत जातं, त्रास नाही. आणि ही मुलं कोण? त्यात बरेच जण तेच, ज्यांनी फर्स्ट इयर गच्चीवर बसून केलं, ज्यांनी संध्याकाळची लिस्ट हातात धरली. त्याच टास्क फोर्सने रेसिडेंटसाठी आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि एक सुट्टी सुचवली. ७४ ही सुधारणा म्हणून सुचवावी लागते यातच सगळं आलं.

(दृश्य: कॉलेजचं गेट, सकाळी नवीन बॅच आत जातेय)

तेव्हा मुलांना मोटिव्हेशनल लेक्चर खूप दिली गेली, योगाचं वेबिनार, सकारात्मक विचारांचं वेबिनार, हजेरी सक्तीची. त्यांना हवं काय होतं तर झोप, एक पक्की तारीख, आणि परीक्षकाच्या केबिनपासून लांब असलेला समुपदेशक. यातलं तिसरं तर आजही प्रत्येक कॉलेजला जमण्यासारखं आहे. शेजारच्या शहरातल्या कॉलेजशी करार करा, तुमची मुलं ते बघतील, त्यांची तुम्ही बघा. नोंद कॉलेजच्या रजिस्टरला नको, गेलं म्हणून हजेरी कापायची नाही. पालकांनी ॲडमिशनच्या वेळी होस्टेलचं बाथरूम बघतो तसं हेही विचारा, इथे मुलांनी त्रास झाला तर कुणाकडे जायचं, आणि तो माणूस त्यांना मार्क देतो का.

आणि हा व्हिडिओ बघणारी तू किंवा तू जर आत्ता रूमवर एकटी, एकटा असशील आणि कॉलेजात कुणालाच सांगायचं नसेल, तर टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं, आणि कॉलेजला कळत नाही.